सोलर आणि गिझरमधला गाळ-क्षार रोखण्यासाठी फिल्टर कसा निवडावा: नागपूरच्या घरांसाठी मार्गदर्शन

29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. दरवर्षी एवढी थंडी पडत नाही, तरी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे गरम पाण्याशिवाय चालत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत सोलरचे पाणी कोमट येऊ लागले किंवा गिझरमधून करकर आवाज येऊ लागला, की घरात धावपळ सुरू होते. बहुतेक वेळा यंत्रात दोष नसतो. वर्षभर त्याच्या पोटात साचत गेलेला गाळ आणि क्षार हे त्या बिघाडाचे कारण असते, आणि योग्य जागी योग्य फिल्टर बसवला असता तर त्यातला बराचसा भाग आत गेलाच नसता. नवे घर बांधणाऱ्या, पहिल्यांदा सोलर बसवणाऱ्या किंवा भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात आलेल्या कुटुंबांसाठी हा लेख लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ऑनलाइन दुकानांत ‘हीटिंग सिस्टिम फिल्टर’ असे शोधले, तर आत चुंबक असलेले महागडे फिल्टर समोर येतात. ते थंड देशांतल्या घरांसाठी असतात. तिथे बॉयलरमध्ये तापवलेले तेच पाणी बंद नळ्यांतून आणि रेडिएटरमधून वर्षानुवर्षे फिरत राहते, रेडिएटरचे पोलाद आतून गंजते, त्यातून मॅग्नेटाइट नावाचा काळा लोहगाळ तयार होतो, आणि हा गाळ चुंबकाला चिकटत असल्यामुळे बॉयलरकडे परतणाऱ्या नळीवर चुंबकाचा फिल्टर बसवतात. तिथे ती व्यवस्था अगदी योग्य आहे. आपल्या घरातले पाणी मात्र फिरत राहत नाही. ते टाकीतून येते, एकदा तापते आणि आंघोळीत संपते, त्यामुळे दररोज नवे पाणी आणि त्याच्याबरोबर नवी माती आणि नवे क्षार आत येतात. चुंबकाला चिकटेल असे त्यात फारसे काही नसते. आपला फिल्टर आपल्या पाण्यावरूनच ठरवावा लागतो.

पहिली पायरी: आपल्या पाण्यात नेमके काय आहे ते ओळखणे

घरात येणाऱ्या पाण्यात दोन अगदी वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि दुकानात त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जातात. पहिली गोष्ट म्हणजे गाळ, अर्थात वाळू, माती, गंजाचे कण, टाकीतले शेवाळ. तो पाण्यात तरंगतो, म्हणून जाळीत अडकतो. दुसरी गोष्ट म्हणजे विरघळलेले क्षार, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. पाण्यात साखर विरघळावी तसे ते विरघळलेले असतात, त्यामुळे कितीही बारीक जाळी लावली तरी ते तिच्यातून सरळ पलीकडे जातात. पाणी तापले की कॅल्शियम बायकार्बोनेटचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि तो पांढरा थर गिझरच्या कॉइलवर, सोलरच्या नळ्यांत आणि पाइपांत बसतो. सुमारे 60 अंशांच्या वर ही क्रिया फारच वेगाने होते. ‘क्षार अडवणारा’ म्हणून कोणी साधा कार्ट्रिज फिल्टर (डब्यात बसवायचे, बदलता येणारे गाळणीचे नळकांडे) दाखवत असेल, तर तो क्षार अडवणार नाही, हे निश्चित समजावे.

नागपुरात पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून शुद्ध होऊन येणारे नळाचे पाणी बोअरच्या पाण्याच्या मानाने सामान्यतः मृदू असते. त्यात मुख्यतः काळजी घ्यावी लागते ती पावसाळ्यातल्या गढूळपणाची आणि पाइपलाइन दुरुस्तीनंतर येणाऱ्या मातीची. बेसा, हिंगणा मार्ग, कोराडी मार्ग अशा वाढत्या वस्त्यांमध्ये मात्र अनेक घरे अजून पूर्णपणे किंवा अर्धीअधिक बोअरवर चालतात, आणि तिथे क्षारांचा प्रश्न मोठा असतो. एकाच गल्लीतल्या दोन बोअरचे पाणीही वेगळे निघू शकते. म्हणून शेजाऱ्यांनी बसवलेला फिल्टर पाहून आपला ठरवू नये.

घरी तीन गोष्टी करून पाहाव्यात. पारदर्शक बाटलीत थेट बोअरचे किंवा नळाचे पाणी भरून ती रात्रभर हलवू नये. सकाळी तळाशी कण बसले असतील तर गाळ आहे. भरताना स्वच्छ असलेले पाणी सकाळी पिवळसर-तांबूस झाले असेल, तर त्यात विरघळलेले लोह आहे. अशा लोहाला हवेचा ऑक्सिजन मिळाल्यावरच त्याचे कण बनतात, त्यामुळे त्या पाण्यासाठी फिल्टरच्या आधी हवा लागण्याची सोय, म्हणजे निदान टाकीत उंचावरून फवारा पडेल अशी रचना, करावी लागते. तिसरी खूण स्वयंपाकघरात मिळते. तुरीची डाळ नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या देऊनही कण्या-कण्यांचीच राहत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर जमणारा पांढरा थरही हेच सांगतो, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात.

या खुणांनी अंदाज येतो, पण निर्णय आकड्यावर घ्यावा. त्यासाठी काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, मोजण्याचे छोटे किट मिळते. नमुन्याच्या पाण्यात दर्शकाचे थेंब टाकले की ते लालसर वाइनच्या रंगाचे होते. मग दुसऱ्या बाटलीतले द्रावण एक एक थेंब टाकत जायचे आणि ज्या थेंबाला रंग एकदम निळा होतो तिथे थांबायचे. थेंबांची संख्या किटवर दिलेल्या आकड्याने गुणली की काठिण्य मिळते. रंग बदलण्याच्या आधी एक जांभळट छटा येते, तिथे घाई करू नये. प्रत्येक थेंबानंतर बाटली हलवून मगच पुढचा थेंब टाकावा. प्रयोगशाळेतून तपासणी करून घेणे अधिक खात्रीचे असते, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांमध्ये त्याची सोय आहे. टीडीएस मीटर मात्र या कामाचे नाही. तो एकूण विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देतो, त्यातले काठिण्य किती हे सांगत नाही.

आकडा हातात आल्यावर तो कशाशी ताडून पाहायचा? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 : 2012 मध्ये, एकूण काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 मिलिग्रॅमपर्यंत चालते असे म्हटले आहे. हे मानक पिण्यासाठी आहे. जे पाणी पिता येते ते गिझरला मानवतेच असे नाही. काठिण्य 500 असेल आणि घरात रोज 200 लिटर गरम पाणी वापरले जात असेल, तर रोज 100 ग्रॅम आणि महिन्याला 3 किलो क्षार त्या यंत्रातून जातात. त्यातला बहुतांश पाण्याबरोबर निघून जातो, पण थोडा भाग जरी आत बसत गेला तरी दोन-तीन वर्षांत काय होईल याची कल्पना करता येते.

दुसरी पायरी: पाण्याचा मार्ग कागदावर काढणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते याच पायरीवर सगळे अवलंबून आहे. आपल्याकडे घरातले पाणी गच्चीवरच्या टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली येते. पाण्याच्या 33 फूट उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. म्हणजे टाकी आणि खालचा नळ यांच्यात 15 फूट अंतर असेल तर दाब अर्धा किलोही नसतो. सोलरच्या बाबतीत परिस्थिती आणखी नाजूक असते, कारण सोलर स्वतःच गच्चीवर असते आणि थंड पाण्याची टाकी तिच्यापेक्षा जेमतेम चार-सहा फूट वर असते. एवढ्या कमी दाबाच्या वाटेत बारीक फिल्टर बसवला, तर पाणी पुढे जायलाच तयार होत नाही.

हा अनुभव आमच्या घरीच आला. मनीषनगरच्या घरी सोलर बसवले तेव्हा प्लंबरने चांगल्या हेतूने थंड टाकी आणि सोलर यांच्यामध्ये दहा इंची हाउसिंग, म्हणजे फिल्टरचा डबा, आणि त्यात 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्ट्रिज बसवले. महिनाभर काही जाणवले नाही. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर बाथरूममध्ये गरम पाण्याची धार बारीक होत गेली आणि मिक्सर उघडला तर थंडच पाणी येऊ लागले. थंड पाण्याची लाइन फिल्टरशिवाय थेट येत होती, तिचा दाब जास्त होता, आणि ते पाणी मिक्सरमधून उलट गरम लाइनमध्ये ढकलले जात होते. सोलर बंद पडले असे समजून आम्ही मेकॅनिकला बोलावले, त्यांनी नळ्या बदलण्याचा सल्ला दिला. नळ्या मागवण्याआधी सहज म्हणून हाउसिंग उघडले. आत गेलेले पांढरेशुभ्र कार्ट्रिज काळ्या जमिनीच्या चिखलाच्या रंगाचे झाले होते. ब्लेडने ते आडवे कापून पाहिले, तेव्हा बाहेरचा करंगळीएवढा थर काळा आणि आतला सगळा भाग जसाच्या तसा पांढरा दिसला. म्हणजे फिल्टरने आपले काम नीट केले होते. त्याची जागा चुकली होती. सोलरच्या नळ्या पूर्णपणे शाबूत होत्या.

म्हणून एका कागदावर पाण्याचा मार्ग काढावा: बोअर किंवा नळ, संप (जमिनीतली टाकी), पंप, वरची टाकी, तिथून सोलर, गिझर आणि बाथरूम. प्रत्येक टप्प्यावर पाणी पंप ढकलतो आहे की ते स्वतःच्या वजनाने जाते आहे, हे लिहावे. बारीक फिल्टर पंप ढकलतो त्या भागात बसवावा. वजनाने वाहणाऱ्या भागात फक्त मोकळी, मोठ्या छिद्रांची जाळी चालते. हा एक नियम पाळला तरी निम्म्या चुका टळतात.

फिल्टर पंपाच्या पुढे, म्हणजे पंप आणि वरची टाकी यांच्यामध्ये बसवायचा असतो. पंपाच्या आधी, ओढणाऱ्या बाजूला तो कधीही बसवू नये, कारण जाळी थोडी जरी तुंबली तरी पंप हवा ओढतो, पाणी सोडतो आणि कोरडा चालून जळू शकतो. सरकारी नळाला थेट टुल्लू पंप लावून त्यावर फिल्टर बसवण्याचा विचारही करू नये. ते बेकायदेशीर आहे, आणि त्या ओढीमुळे लाइनमध्ये बाहेरचे घाण पाणी शिरण्याचा धोका साऱ्या गल्लीला असतो.

तिसरी पायरी: फिल्टरचा प्रकार ठरवणे

पंपाच्या लाइनसाठी मी मनापासून सुचवतो तो फिल्टर आपल्या विदर्भात कोणालाही नवा नाही. काटोल, नरखेड, वरुडकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये ठिबकच्या सुरुवातीला जो जाळीचा किंवा चकत्यांचा फिल्टर असतो, तोच एक इंची किंवा पाऊण इंची आकारात घरासाठी उत्तम चालतो. ठिबकवाल्यांचा आणि आपला प्रश्न सारखाच आहे: बोअरचे पाणी, त्यातली वाळू, आणि पुढे बारीक छिद्रे. जाळीच्या फिल्टरमध्ये आत एक नळकांडे असते आणि त्यावर स्टीलची किंवा नायलॉनची जाळी असते. चकत्यांच्या फिल्टरमध्ये बारीक खाचा असलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्या एकमेकींवर घट्ट रचलेल्या असतात आणि कण त्या खाचांमध्ये अडकतात. शेवाळ आणि चिकट गाळ असेल तर चकत्या अधिक चांगल्या, कारण त्या खोलवर धरतात. नुसती वाळू असेल तर जाळी पुरते आणि ती धुवायलाही सोपी जाते. दोन्हींचा मोठा फायदा असा, की त्यात दर महिन्याला विकत आणावे लागेल असे काही नसते. झाकण उघडावे, जाळी किंवा चकत्या नळाखाली जुन्या टूथब्रशने घासाव्यात, परत बसवाव्यात.

घेताना त्यावरचा आकडा पाहावा. 120 मेश (इंचात 120 छिद्रे) म्हणजे साधारण 130 मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल की वाळू आणि गंजाचे कण यात अडकतील, बारीक माती मात्र निघून जाईल. घराच्या गरम पाण्यासाठी बहुतेक ठिकाणी एवढे पुरते. त्याहून बारीक हवे असेल तर याच फिल्टरच्या पुढे, पंपाच्याच लाइनवर, वीस इंची जाड हाउसिंगमध्ये 20 किंवा 50 मायक्रॉनचे कार्ट्रिज बसवावे. दुकानदार 5 मायक्रॉन हातात देतात, कारण पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरसाठी तेच जास्त खपते. गिझरसाठी त्याची गरज नाही. आणि अगदी बारीक चिकणमाती तर 2 मायक्रॉनपेक्षाही लहान असते, ती 5 मायक्रॉनमधूनही जाते. तिच्यासाठी टाकीत पाणी निवळू देणे हाच उपाय आहे.

या निमित्ताने टाकीबद्दल सांगितले पाहिजे, कारण ती नीट असेल तर पुढच्या फिल्टरचे काम अर्धे होते. वरच्या टाकीतून पाणी बाहेर जाणारी नळी अगदी तळाला असेल, तर तळाशी बसलेला सगळा गाळ गिझरमध्ये जातो. ती तळापासून तीन-चार इंच वर असावी आणि गाळ सोडण्यासाठी तळाला वेगळा व्हॉल्व्ह असावा. नवी टाकी बसवताना याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. नंतर बदलायचे म्हटले तर तोडफोड करावी लागते.

सोलर आणि गिझर यांच्या अगदी आधी, वजनाने वाहणाऱ्या भागात, एक वाय आकाराची पितळी जाळी बसवावी. नळसामानाच्या दुकानात ती ‘वाय स्ट्रेनर’ म्हणून मिळते. तिची जाळी जाड असते, दाब फारसा खात नाही, आणि टाकीतून अचानक सुटलेला खडा, पाइप जोडताना राहिलेला सोल्यूशनचा गोळा किंवा टेफलॉनचा तुकडा तिथेच अडकतो. पाइप एक इंची असेल तर जाळीही एक इंचीच घ्यावी. पाऊण इंचीची घेऊन रिड्यूसर लावण्याची बचत इथे करू नये.

चौथी पायरी: क्षारांसाठी वेगळा विचार

काठिण्य 200 च्या आत असेल तर वरचे फिल्टर पुरेसे आहेत, पुढे काही करू नये. 200 ते 400 च्या दरम्यान माझा सल्ला असा, की सॉफ्टनरचा, म्हणजे पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचा, खर्च करण्याआधी तापमानावर लक्ष द्यावे आणि वर्षातून एकदा यंत्राची सफाई करून घ्यावी. गिझरचा थर्मोस्टॅट 70 वर ठेवून मग त्यात तेवढेच थंड पाणी मिसळण्यात काही अर्थ नसतो. तो 60 च्या आत ठेवला की थर बसण्याचा वेग लक्षात येण्याइतका कमी होतो. सोलरच्या बाबतीत एप्रिल-मे महिन्यांत अर्ध्या नळ्या गोणपाटाने किंवा जाड कापडाने झाकाव्यात. 23 मे 2013 रोजी नागपूरचे तापमान 47.9 अंशांवर गेले होते. अशा उन्हात सोलरचे पाणी उकळण्याच्या जवळ जाते, ते कोणी वापरत नाही, आणि वर्षातला सर्वांत जास्त क्षार याच न वापरलेल्या पाण्यातून बसतो. गावाला जाताना तर सगळ्याच नळ्या झाकून जाव्यात.

400 च्या वर काठिण्य असेल तर सॉफ्टनरचा विचार करावा. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचे पाणी सोडून ते पुन्हा ताजे करावे लागतात. आकार ठरवण्यासाठी एक साधा हिशेब पुरतो. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम काठिण्य धरते. 25 लिटर रेझिनचे यंत्र म्हणजे 1250 ग्रॅम. काठिण्य लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅम असेल, तर 2500 लिटर पाणी मृदू होईल. फक्त गरम पाण्याच्या लाइनवर रोज 200 लिटर लागत असतील तर ते बारा दिवस पुरेल आणि प्रत्येक वेळी अडीच ते चार किलो मीठ लागेल. हेच यंत्र सगळ्या घरावर, रोज 1000 लिटरला लावले, तर दर अडीच दिवसांनी मीठ घालण्याची वेळ येते आणि महिन्याभरात घरातले लोक ते काम सोडून देतात. मिठाविना चालणारा सॉफ्टनर म्हणजे नुसता डबा असतो.

म्हणून शक्य असेल तिथे फक्त गरम पाण्याची लाइन मृदू करावी. अडचण इतकीच की सॉफ्टनरलाही दाब लागतो आणि वजनाने वाहणाऱ्या लाइनवर तो नीट चालत नाही. गच्चीवर जागा असेल तर पंपाच्या लाइनमधून सॉफ्टनरद्वारे एक वेगळी 300-500 लिटरची छोटी टाकी भरावी आणि तिच्यातून सोलर आणि गिझर यांना पाणी द्यावे. नवे बांधकाम असेल तर ही वेगळी टाकी आणि वेगळी लाइन नकाशातच काढून घ्यावी. सॉफ्टनरच्या आधी गाळाचा फिल्टर असणे आवश्यक आहे, आणि पाण्यात लोह असेल तर ते आधी काढले पाहिजे, कारण लोहाने रेझिन लवकर खराब होते. मृदू केलेले पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि झाडांसाठी वापरू नये. काठिण्याच्या प्रत्येक 100 मिलिग्रॅममागे पाण्यात सुमारे 46 मिलिग्रॅम सोडियम वाढते. रक्तदाबाचा त्रास असलेली व्यक्ती घरात असेल तर ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी, आणि अंगणातल्या तुळशीलाही ते पाणी घालू नये.

पाइपला बाहेरून चिकटवायचे चुंबक क्षार घालवतात, असा दावा अनेक ठिकाणी केला जातो. त्यांच्या परिणामाचे पुरावे एकसारखे नाहीत, त्यामुळे मी त्यावर पैसे घालण्याचा सल्ला देणार नाही. फॉस्फेटच्या गोळ्यांचे छोटे डबेही मिळतात. ते क्षारांना काही काळ बसू देत नाहीत, पण पाणी जास्त तापले की त्यांचा गुण कमी होतो, म्हणून उन्हाळ्यातल्या सोलरसाठी ते भरवशाचे नाहीत. वॉशिंग मशीनसाठी घ्यायचे असतील तर गोष्ट वेगळी. संपूर्ण घरासाठी आरओ बसवणे हा पाण्याचा अपव्यय आहे.

सोलर अजून घ्यायचेच असेल तर एक गोष्ट फिल्टरइतकीच महत्त्वाची आहे. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट पॅनेलमध्ये जड पाणी थेट सोडले, तर त्या नळ्या आतून भरत जातात आणि साफ करणे कठीण होते. काचेच्या रुंद नळ्यांच्या सोलरमध्ये गाळ नळीच्या तळाशी बसतो आणि नळी काढून तो ओतून टाकता येतो. बोअरच्या पाण्यासाठी मी काचेच्या नळ्यांचे सोलर किंवा मग हीट एक्स्चेंजर असलेले (ज्यात वापरायचे पाणी पॅनेलच्या नळ्यांत न जाता वेगळ्या द्रवाने तापते) सपाट पॅनेलच घ्यावे असे सांगेन.

पाचवी पायरी: बसवून घेताना उभे राहून पाहण्याच्या गोष्टी

प्लंबर काम करत असताना घरातल्या कोणी तरी तिथे असावे. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (उघडता येणारे जोड) हवेत, नाहीतर जाळी धुवायला प्रत्येक वेळी पूर्ण टाकी रिकामी करावी लागेल. फिल्टरला बाजूने ओलांडणारी बायपासची नळी आणि तिच्यावर तिसरा व्हॉल्व्ह हवा, म्हणजे पाहुणे घरात असताना फिल्टर तुंबला तरी पाणी चालू ठेवता येते. पंपाच्या लाइनवर फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबमापक बसवावेत. दोघांतला फरक वाढला की धुण्याची वेळ झाली, हे त्या दोन काट्यांवरून कळते. बोअरचा सबमर्सिबल पंप तुंबलेल्या फिल्टरवर दाब देत राहिला तर दाब फार वर जातो आणि साधे प्लॅस्टिक हाउसिंग तडकू शकते, म्हणून त्या लाइनसाठी हाउसिंगवर छापलेली दाबाची मर्यादा पंपाच्या क्षमतेपेक्षा जास्त आहे, हे वाचून घ्यावे. फिल्टरवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, हेही पाहावे; उलटे बसवलेले फिल्टर मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिले आहेत.

नागपूरचे ऊन लक्षात घेऊन फिल्टर सावलीत असावा. पारदर्शक हाउसिंगमध्ये उन्हामुळे हिरवे शेवाळ धरते आणि प्लॅस्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होते. जिन्याखाली किंवा पंपाच्या खोलीत जागा काढावी. गच्चीशिवाय पर्याय नसेल तर अपारदर्शक हाउसिंग घेऊन वर पत्र्याचे छप्पर करावे. बहुतेक हाउसिंगवर 40 ते 50 अंशांच्या आसपासची तापमानाची मर्यादा छापलेली असते, त्यामुळे असा फिल्टर गरम पाणी बाहेर येते त्या बाजूला कधीच बसवू नये. आणि सोलरच्या टाकीवरची उघडी, वर गेलेली वाफेची नळी कोणीही, कोणत्याही कारणाने बंद करू नये. ती बंद झाली तर टाकी फुगण्याचा किंवा आत चेपण्याचा धोका असतो.

जुन्या यंत्रासाठी फिल्टर घेत असाल तर आधी त्यातला साचलेला थर काढून घ्यावा, कारण नवा फिल्टर आत बसलेले क्षार विरघळवत नाही. गिझर उघडण्याआधी मेन स्विच बंद करून वायर सोडवणे आवश्यक आहे, आणि हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. तो उघडला असता मॅग्नेशियमची अॅनोड कांडी पाहायला सांगावी. टाकीला गंजण्यापासून वाचवण्यासाठी ती स्वतः झिजते. करंगळीपेक्षा बारीक झाली असेल तर बदलावी. सॉफ्टनर लावल्यानंतर ती लवकर झिजते, त्यामुळे ती दरवर्षी पाहावी. सोलरच्या काचेच्या नळ्या काढणे आणि भरणे हे काम पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर करावे. भर उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत थंड पाणी पडले की ती तडकते. नळीच्या टोकाला आतून चंदेरी आरसा दिसतो, तो पांढरट झाला असेल तर नळीतली निर्वात पोकळी गेली आहे. ती नळी परत बसवून उपयोग नाही.

सहावी पायरी: वर्षभराचे वेळापत्रक

मृग लागण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात वरची टाकी आणि संप धुऊन जाळ्या साफ कराव्यात. पावसाळ्यात पंपाच्या लाइनवरचा फिल्टर दर आठवड्याला उघडून पाहावा, कारण त्या दिवसांत तो अपेक्षेपेक्षा लवकर तुंबतो. सप्टेंबरनंतर महिन्यातून एकदा पुरते. कार्ट्रिज असेल तर ते दाबमापकातला फरक पाहून बदलावे आणि बदलल्याची तारीख हाउसिंगवर मार्करने लिहावी. दिवाळीच्या साफसफाईत सोलरच्या दोन-तीन नळ्या काढून तळाशी किती गाळ आहे ते पाहावे. बोटभर असेल तर सगळ्या नळ्या साफ कराव्यात, म्हणजे डिसेंबरची थंडी येईपर्यंत यंत्र तयार असते. काठिण्य वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये मोजावे, कारण बोअरची पातळी उतरली की आकडा बदलू शकतो, आणि त्यानुसार सॉफ्टनरला मीठ घालण्याचे दिवसही बदलावे लागतात. वाय स्ट्रेनरची जाळी काढताना टोपीखालची रबरी रिंग हरवू देऊ नये. तिच्याऐवजी टेफलॉन गुंडाळला की तिथून थेंब थेंब पाणी गळत राहते.